मेंदू नाही, डोळे नाहीत. तरी एका पेशीचे शेवाळ उजेडाकडे कसे वळते?

डबक्यातले पाणी हिरवे दिसते ते बहुतेकदा सूक्ष्म शेवाळांमुळे. त्यातलेच एक क्लॅमिडोमोनास. एकच पेशी, आकार साधारण १० मायक्रोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशा १०० पेशी ओळीने मावतील. मज्जातंतूही नाहीत, तरी ते उजेडाच्या दिशेने पोहते आणि अचानक प्रखर झोत पडला की दचकून मागे सरते. या सगळ्यामागे आहे कॅल्शियम.

पेशीच्या कडेला नारिंगी ठिपका असतो, नेत्रबिंदू. तिथल्या पटलात चॅनेलऱ्होडॉप्सिन हे प्रथिन असते. उजेड पडला की ते दारासारखे उघडते, धनभारित आयन आत शिरतात आणि पटलावरचा व्होल्टेज बदलतो. एरवी पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी असते. त्यामुळे थोडेसे आत आले तरी मोठा फरक पडतो.

पोहण्यासाठी पेशीला दोन कशाभिका असतात, चाबकासारखे दोन धागे. सेकंदाला सुमारे ५० वेळा त्या ब्रेस्टस्ट्रोकसारखे हात मारतात. कॅल्शियम किंचित बदलले की एकीचा जोर दुसरीपेक्षा वाढतो आणि पेशी वळते. बांधाशी ट्रॅक्टर वळवताना एकाच चाकाला ब्रेक लावतात, अगदी तसेच! कॅल्शियम खूप वाढले तर मात्र हात मारण्याची पद्धतच बदलते आणि पेशी उलटी पोहते. पाण्यातले कॅल्शियम काढून टाकले, तर झोत टाकूनही ती मागे सरत नाही.

दिशा कळते कशी? पोहताना पेशी स्वतःभोवती फिरत असते. उजेड बाजूने असेल, तर नेत्रबिंदूवर तो लुकलुकतो. समोरून आला की लुकलुक थांबते, वळणेही थांबते. कुठलाही प्रोसेसर नसलेली ही स्टिअरिंग यंत्रणा आहे.

याचा माणसाला उपयोग काय? पीटर हेगेमान, गेओर्ग नागेल आदींनी २००२-०३ मध्ये या प्रथिनांचे काम दाखवले. २००५ मध्ये ती मेंदूच्या पेशींत बसवून त्या उजेडाने चालू करता आल्या. तंत्राला नाव पडले ऑप्टोजेनेटिक्स. २०२१ मध्ये रेटिनायटिस पिग्मेंटोसाने दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या रुग्णाच्या एका डोळ्यात शेवाळातल्या अशाच प्रथिनाचा जनुक सोडल्याचा अहवाल आला. टेबलावरची वही त्याला शोधता येऊ लागली. पण खास गॉगल घालूनच. कारण खोलीतला साधा उजेड या प्रथिनाला पुरत नाही. गॉगल समोरचे दृश्य टिपून प्रखर प्रकाशात डोळ्याच्या पडद्यावर टाकतो.