स्पोर्ट्‌स मोटारीची निष्कास यंत्रणा : घरी उतरविण्याची कृती

एंजिनाच्या सिलिंडरांत इंधन जळल्यावर उरणारे उष्ण वायू एकत्र करून, त्यांतील विषारी घटक व त्यांचा आवाज कमी करून ते मोटारीच्या मागील बाजूस सोडणाऱ्या नळ्या व पात्रे यांच्या समूहास निष्कास यंत्रणा म्हणतात. कारखान्यातून बसवून आलेली यंत्रणा गंजल्यास, अथवा तिच्या जागी हलकी किंवा वेगळ्या नादाची यंत्रणा बसवावयाची असल्यास, ती उतरवावी लागते. स्पोर्ट्‌स मोटारींचे अनेक हौशी मालक हे काम घरीच करतात. साध्या हत्यारांनी ते होत असले, तरी त्यात जिवाला धोका असतो आणि कोणता भाग काढावा यावर कायद्याची बंधने असतात. येथे जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ मध्ये प्रथम सादर केलेल्या, दोन आसनांच्या एमएक्स-५ या मोटारीचे उदाहरण घेतले आहे. तिचे मूळ एंजिन चार सिलिंडरांचे व १·६ लि. क्षमतेचे होते.

रचना : निष्कास झडपांतून येणारे वायू प्रथम अनेकमुखी नळीत एकत्र होतात, हिला मॅनिफोल्ड म्हणतात. तेथून ते पुढील नळीवाटे उत्प्रेरक पात्रात जातात. या पात्रातील जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर असतो. सु. ३००° से.पर्यंत तापल्यावर त्याच्या योगाने कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीभवन आणि नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण होते. पात्राच्या अलीकडे, एंजिनाच्या बाजूस, बसविलेला संवेदक वायूंतील ऑक्सिजनाचा अंदाज घेतो व त्यानुसार इंधनाचे प्रमाण ठरते. पात्रामागे मधली नळी व सर्वांत शेवटी ध्वनिशामक म्हणजे सायलेन्सर असतो. हे भाग गॅस्केट व बोल्ट यांनी एकमेकांस जोडलेले आणि रबरी कड्यांनी मोटारीच्या तळाला टांगलेले असतात.

पूर्वतयारी : एंजिन बंद करून यंत्रणा पूर्ण थंड होऊ द्यावी, भाराखाली चालताना मॅनिफोल्डजवळील वायूंचे तापमान ६००° से.हून अधिक असू शकते. मोटार सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून चाकांना अटकाव लावावा. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. उचललेली मोटार निर्मात्याने नेमून दिलेल्या जागी भक्कम स्टँडांवर टेकवावी व हलवून पाहिल्यावरच तिच्याखाली जावे. जॅक घसरून मोटारीखाली चिरडल्याने माणसे दगावली आहेत. डोळ्यांत गंज पडू नये म्हणून चष्मा वापरावा.

कृती : गंजलेल्या नटांवर भेदक तेल सोडून ते काही तास मुरू द्यावे. नट न हलल्यास जोर वाढवीत न नेता तो किंचित आवळून मग सैल करावा. अन्यथा आटे असलेला दांडा तुटतो. पुढील नळीही काढावयाची असल्यास संवेदकाची तार प्रथम सोडवावी. काम मागून पुढे करावे. ध्वनिशामकाखाली आधार देऊन त्याचे बोल्ट काढावे, रबरी कड्यांना साबणाचे पाणी लावून त्या आकड्यांवरून सरकवाव्या आणि तो खाली घ्यावा. त्यानंतर त्याच रीतीने मधली नळी काढावी. केवळ हे दोन भाग बदलावयाचे असल्यास उत्प्रेरक पात्र व संवेदक यांना हात लावण्याचे कारण नसते. पुन्हा जोडताना गॅस्केट नवे घालावे.

परिणाम व निर्बंध : यंत्रणा काढून टाकल्याने शक्ती हमखास वाढते, हा समज बरोबर नाही. वायू सिलिंडरांतून स्पंदांच्या रूपाने बाहेर पडतात. नळीची लांबी व व्यास योग्य असल्यास एका स्पंदामागून येणारा कमी दाब सिलिंडर रिकामा होण्यास साहाय्य करतो. अयोग्य नळीने हा लाभ नाहीसा होतो. शिवाय जोडातून गळती झाल्यास कार्बन मोनॉक्साइड मोटारीत शिरू शकतो. हा वायू वर्णहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनाच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. म्हणून जोडणीनंतर मोटार उघड्या जागेत चालवून प्रत्येक जोड तपासावा; बंद गॅरेजात एंजिन कधीही चालवू नये.

अमेरिकेत उत्प्रेरक पात्र काढण्यास स्वच्छ हवा कायद्याने बंदी असून, १९९० च्या दुरुस्तीने ती मालकासह प्रत्येक व्यक्तीस लागू झाली. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ५२ व्या कलमाने वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातल्या असून, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वाहनास ध्वनिशामक असणे आवश्यक आहे. मालकाच्या हौशीचा परिणाम रस्त्यावरील इतरांच्या श्वासावर व कानांवर होत असल्याने हे निर्बंध घालण्यात आले आहेत. उतरविलेली मूळ यंत्रणा जपून ठेवल्यास मोटार पुन्हा पूर्ववत करता येते.