विश्लेषण : बार एकच, संधी एकच… ठासणीच्या बंदुकीची गोळी हरणावर नेमके काय काम करते?

अमेरिकेत पानगळ सुरू झाली की हरणांच्या परवानाधारक शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्यातील काही दिवस अनेक राज्यांत केवळ ठासणीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेले असतात. या बंदुकीत एका वेळी एकच गोळी भरता येते. नेम चुकला किंवा गोळीने काम केले नाही, तर दुसरी गोळी ठासेपर्यंत हरीण दिसेनासे झालेले असते. त्यामुळे गोळी गोल असावी की लांबट, शिशाची असावी की तांब्याची, हा तेथे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. चुकीच्या निवडीची किंमत जखमी होऊन जंगलात नाहीसे झालेले हरीण मोजते.

ठासणीची बंदूक आजही का वापरली जाते?

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरून, गजाने ठासून उडवायची बंदूक. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आजही आढळतात. भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेतील स्थिती वेगळी आहे. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते आणि ती आटोक्यात ठेवण्यासाठी प्रत्येक राज्य ठरावीक परवाने देते. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला कमी, वेग कमी आणि बार एकच. त्यामुळे तिच्यासाठी वेगळा हंगाम ठेवला तर शिकाऱ्यांना जादा दिवस मिळतात आणि हरणांवर फार ताणही येत नाही, असा हिशेब त्यामागे आहे. पेनसिल्व्हेनियात तर १९७४पासून केवळ चकमकीच्या बंदुकांचा हंगाम आहे. तो नाताळानंतरच्या कडाक्याच्या थंडीत असतो.

या बंदुकीचे तंत्र किती बदलले?

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडते, रंजक पेटते आणि त्याची आग कानातून आतल्या दारूपर्यंत जाते. पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक आली. खरा बदल घडला तो १९८५ मध्ये. मिसुरी राज्यातील टोनी नाइट या बंदूक कारागिराने 'एमके-८५' ही बंदूक आणली. तिच्यात ठिणगी बाजूने न येता नळीच्या थेट मागून येते. अशा 'इनलाइन' बंदुका दिसायला आधुनिक रायफलीसारख्या असतात, दमट हवेत तुलनेने कमी दगा देतात आणि अधिक दारू पेलतात. वेग वाढला आणि गोळीपुढचे प्रश्नही तेथूनच बदलले.

गोळीने हरीण मरते कसे?

ऊर्जेच्या 'धक्क्याने' हरीण कोसळते, हा समज चित्रपटांनी रूढ केला. प्रत्यक्षात गोळी फुप्फुसे, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाडते. रक्तस्रावाने मेंदूला होणारा पुरवठा थांबतो आणि प्राणी काही सेकंदांत शुद्ध हरपतो. फुप्फुसाला गोळी लागलेले हरीणही अनेकदा काही दशक मीटर पळते आणि मग पडते. बाजूने उभ्या असलेल्या हरणाच्या छातीतील हा मर्मभाग साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे जेवणाच्या लहान ताटाएवढा असतो.

म्हणून गोळीकडून तीन अपेक्षा असतात. ती मर्मभागापर्यंत पोहोचली पाहिजे, तेथे पुरेसे रुंद छिद्र केले पाहिजे आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडली पाहिजे. तिसरी अपेक्षा ठासणीच्या बंदुकीत विशेष महत्त्वाची आहे. बार उडताच पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि हरीण कसे दचकले, कोणत्या दिशेने गेले हेच शिकाऱ्याला दिसत नाही. मग आधार उरतो तो जमिनीवरच्या रक्ताच्या थेंबांचा. दोन्ही बाजूंना छिद्र असेल तर माग ठळक मिळतो. एकच छिद्र असेल आणि तेही वरच्या अंगाला, तर रक्त आतल्या आत साचते आणि माग हरवतो.

गोल गोळी इतकी साधी असूनही काम कसे करते?

अमेरिकेत सर्वाधिक चालणारी ठासणीची बंदूक .५० कॅलिबरची, म्हणजे नळीचा व्यास अर्धा इंच असलेली. तिच्यात .४९० इंच व्यासाची शिशाची गोळी तेल लावलेल्या कापडी चकतीत गुंडाळून ठासतात. तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. आधुनिक रायफलीची गोळी बारीक असते. तिला शरीरात शिरल्यावर फुलावे लागते, तरच मोठे छिद्र पडते. गोल गोळी मुळातच जवळजवळ अर्ध्या इंचाची असते. ती फुलली नाही तरी तिचे छिद्र लहान नसते आणि मऊ शिशामुळे ती थोडी चपटी होतेच.

तिचा दोष हवेत आहे. गोल आकार हवा नीट कापत नाही. नळीतून सेकंदाला ५८० मीटर वेगाने निघालेली अशी गोळी ९० मीटरवर पोहोचेपर्यंत ढोबळमानाने ३५० मीटरवर येते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे वेग ४० टक्के घटला की ऊर्जा जेमतेम एकतृतीयांश उरते. म्हणूनच गोल गोळी वापरणारे जाणते शिकारी ६०-७० मीटरच्या पलीकडे बार काढायला नाखूश असतात. त्या अंतराच्या आत मात्र या गोळीने शेकडो वर्षे काम केले आहे.

लांबट गोळीने काय साधले?

वजन वाढवायचे तर नळीचा व्यास तोच ठेवून गोळी लांब करावी लागते. १८४०च्या दशकात फ्रान्सचे लष्करी अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांनी बुडाशी पोकळ असलेली शंकूच्या आकाराची गोळी पुढे आणली. ती सहज आत सरकते आणि दारू पेटताच तिचे बूड फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसते. आपल्या इतिहासात हीच पद्धत वेगळ्या कारणाने गाजली. १८५७च्या उठावात ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती .५७७ कॅलिबरच्या एन्फील्ड या ठासणीच्याच रायफलीची होती आणि तिची गोळीही याच तत्त्वावर बेतलेली होती.

हरणाच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या .५० कॅलिबरच्या लांबट शिसे गोळ्या ३५० ते ४५० ग्रेनच्या, म्हणजे गोल गोळीच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक वजनाच्या असू शकतात. त्या संथ असतात, पण वजनामुळे खोल शिरतात आणि बहुधा आरपार जातात. मात्र त्यांचा मार्ग कमानीसारखा असतो आणि बंदुकीचा धक्काही खांद्याला जोरदार बसतो.

'सॅबो' गोळी काय असते आणि तिची अडचण कोणती?

सॅबो हा लाकडी बुटासाठीचा फ्रेंच शब्द. येथे तो प्लास्टिकच्या पेल्यासाठी वापरतात. .५० कॅलिबरच्या नळीत .४५ किंवा .४४ची बारीक गोळी या पेल्यात बसवून ठासली जाते. नळीबाहेर पडताच पेला उमलून गळून पडतो आणि गोळी पुढे जाते. ती हलकी आणि निमुळती असल्याने वेगवान असते. इनलाइन बंदुकांबरोबर हीच पद्धत सर्वाधिक पसरली.

अडचण गोळीच्या जन्मात होती. सुरुवातीला या पेल्यांत पिस्तुलाच्या गोळ्याच घातल्या जात. त्या पिस्तुलाच्या वेगाला फुलाव्यात अशा बेताने बनवलेल्या होत्या. इनलाइन बंदुकीतून त्या कितीतरी अधिक वेगाने निघत. हरीण २०-२५ मीटरवर असेल तर अशी गोळी बरगडीला लागताच अतिफुलून फुटे आणि आत पुरेशी शिरत नसे. याउलट जाड वेष्टनाची, कठीण गोळी घेतली, तर दूरवर वेग घटल्यावर ती फुलतच नसे; सुईसारखी आरपार जाई आणि हरीण कित्येक मीटर, कधी कित्येक तास चालत राही.

याचा अर्थ असा की प्रत्येक गोळीला वेगाची एक खालची आणि एक वरची मर्यादा असते. या दोन मर्यादांच्या आत ती हरणापर्यंत पोहोचली तरच नीट काम करते. ठासणीच्या बंदुकीत वेग अंतरागणिक झपाट्याने घटतो, म्हणून या दोन्ही टोकांची परीक्षा एकाच हंगामात होऊ शकते.

मग दारू वाढवली तर?

बरेच नवखे शिकारी हाच उपाय करतात. दारू आकारमानाने मोजतात. १०० ग्रेनचे माप नेहमीचे, तर काही इनलाइन बंदुका १५० ग्रेनपर्यंत चालतात. पण दारू दीडपट केली म्हणून वेग दीडपट होत नाही. धक्का आणि धूर मात्र वाढतो, काही दारू न जळताच बाहेर फेकली जाते आणि अनेकदा अचूकपणा बिघडतो. जवळच्या हरणावर नाजूक गोळी फुटण्याचा धोकाही वाढतो. मापापेक्षा जास्त दारू तर उडवणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते. गोळी दारूवर पक्की टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तरी नळीला धोका असतो. म्हणून अनुभवी लोक गजावर खूण करून ठेवतात आणि दरवेळी ती तपासतात.

नळीतील आट्यांचा पीळही गोळीशी जुळावा लागतो. गोल गोळीला ६६ इंचांत एक वळसा घेणारा सैल पीळ पुरतो. सॅबोतील लांब गोळीला मात्र २८ इंचांत एक वळसा लागतो. पीळ अपुरा पडला तर गोळी हवेत डुलते आणि कितीही महाग असली तरी मर्मभागाला चुकते.

तांब्याच्या गोळीचा आग्रह का?

यामागे दोन कारणे आहेत. पहिले कामगिरीचे. अख्ख्या तांब्याच्या गोळीचे पोकळ टोक फुलाच्या पाकळ्यांसारखे उलगडते, पण तुकडे फारसे पडत नाहीत. वजन टिकून राहते आणि गोळी खोल जाते.

दुसरे कारण विषाचे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या मांसात सीटी स्कॅनद्वारे शिशाचे बारीक कण आढळले. त्यानंतर तेथील ७३८ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे सरासरी ०.३० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर अधिक निघाले. त्याच वर्षी मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने मेंढ्यांच्या मृत शरीरांवर गोळ्यांची चाचणी घेतली. वेगवान रायफलीच्या झटकन फुलणाऱ्या गोळ्यांनी सरासरी १४१ तुकडे मागे सोडले. ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्यांचे तुकडे त्यापेक्षा बरेच कमी होते. कमी वेगाचा हा एक फायदा. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिकाऱ्याने रानात टाकून दिलेली आतडी गरुड आणि गिधाडे खातात आणि तो कणही त्यांना घातक ठरतो. कॉन्डोर गिधाडांच्या मृत्यूंमुळेच कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी घातली.

येथे एक पेच आहे. तांबे शिशापेक्षा हलके आणि कठीण. तेवढ्याच वजनासाठी गोळी लांब करावी लागते आणि ती हाताने ठासताना आट्यांत रुतत नाही. म्हणून तिला बहुधा सॅबोचा पेला लागतो. पण ठासणीच्या हंगामाचे जुने स्वरूप टिकावे म्हणून कोलोरॅडोसारख्या राज्याने याच हंगामात सॅबोला मनाई केली आहे. अशा ठिकाणी शिसे सोडू पाहणाऱ्या शिकाऱ्यापुढे पर्याय मोजकेच राहतात.

शेवटी निर्णय कशावर ठरतो?

अंतरावर. आधुनिक सॅबो गोळी ९० मीटरवर नेम साधून बसवली, तरी १८० मीटरवर ती एक फुटाहून अधिक खाली जाऊ शकते. मर्मभाग जेमतेम पाऊण फुटाचा असताना एवढी चूक म्हणजे पोटात किंवा पायाला गोळी. असे हरीण लगेच मरत नाही आणि बहुधा सापडतही नाही. म्हणूनच तेथील शिकार-शिक्षणात हंगामाआधी आपल्याच बंदुकीवर, आपल्याच दारूने आणि आपल्याच गोळीने सराव करण्यावर भर असतो. स्वच्छ, थंड नळीतून निघालेली पहिली गोळी कुठे बसते हे आधी पाहावे, कारण हरणावर उडणारी गोळी तीच असते. ज्या अंतरावर ती दरवेळी ताटाच्या आत बसते, ती त्या शिकाऱ्याची मर्यादा. त्यापलीकडे हरीण उभे असेल, तर चाप न ओढणे हाच योग्य निर्णय ठरतो.