बंबातला निखारा

गेल्या थंडीत आमच्या चेण्यात पहाटेच वीज गेली. गीझर बंद. सासूबाईंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढायला लावला. लेक बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. निखारे फुंकता फुंकता म्हणाली, "आई, मी फिजिक्स सोडते. क्वांटम डोक्यावरून जातं."

मी गप्पच झाले. बारावीनंतर मीही हेच म्हणून फिजिक्स सोडलं होतं. तेव्हा मला कुणी थांबवलं नाही.

सासूबाईंनी सहज विचारलं, "निखारा लालच का गं दिसतो? जांभळा का नाही?"

"आजी, याच कोड्यातून क्वांटम निघालं!" लेक सांगू लागली. जुन्या नियमांनी हिशेब मांडला, तर तापलेल्या वस्तूतून जांभळ्यापलीकडचा प्रकाश बेसुमार यायला हवा. तसं तर होत नाही. 14 डिसेंबर 1900 रोजी बर्लिनमध्ये मॅक्स प्लँक यांनी उत्तर मांडलं. ऊर्जा सुट्या तेलासारखी हवी तेवढी मिळत नाही, ठरावीक पाकिटांतच मिळते. लाल प्रकाशाचं पाकीट स्वस्त, जांभळ्याचं महाग. "निखाऱ्याला ते परवडत नाही, आजी!"

सासूबाई हसल्या. "मग समजलंय की तुला!"

मैत्रिणींनो, नंतर मी वाचलं तेव्हा कळलं, की स्वतः प्लँकनाही ही कल्पना मनापासून पटली नव्हती. दुसरा मार्गच उरला नाही, म्हणून नाइलाजानं ती घेतली, असं त्यांनी पुढे सांगितलं. 1905 मध्ये आइन्स्टाइन म्हणाले, प्रकाशच पाकिटांचा असतो. त्यावर कित्येक वर्षं मोठमोठ्यांचा विश्वास बसेना. 1924 मध्ये ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोसांनी प्लँकचं सूत्र नव्या रीतीनं सिद्ध केलं. तेही शिकवताना जुनी सिद्धता खटकली म्हणून! पूर्ण गणित उभं राहायला 1925-26 साल उजाडलं. म्हणजे पंचवीस वर्षं शहाणी माणसंही चाचपडतच होती.

आणि आपल्या पुण्याच्या रोहिणी गोडबोले? हुजुरपागेत शिकलेली ही मुलगी पुढे याच सूक्ष्म कणांच्या जगातली नामवंत शास्त्रज्ञ झाली. सुमारे शंभर भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचं पुस्तकही त्यांनी 2008 मध्ये सहसंपादित केलं. 2024 मध्ये त्या गेल्या.

लेकीला एवढंच म्हटलं, "समजत नाही म्हणून सोडू नकोस. समजत नव्हतं, म्हणूनच तर त्यांनी शोधलं."

तिनं अजून फिजिक्स सोडलेलं नाही. आणि तिचं पुस्तक रात्री हळूच मीही उघडते.