लिहिताना गाणी ऐकावीत का? स्टीफन किंग काय करतात आणि संशोधन काय सांगतं?

लॅपटॉप उघडला, कानात हेडफोन गेले, प्लेलिस्ट सुरू झाली आणि मगच पहिलं वाक्य टाइप झालं. असाइनमेंट असो, ऑफिसचा रिपोर्ट असो की कादंबरीचं पहिलं प्रकरण, अनेकांची लिहायला बसण्याची पद्धत हीच. पण गाण्यांमुळे लिखाण खरंच चांगलं होतं का?

लेखक काय ऐकतात?

भयकथांसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांनी २००० साली आलेल्या 'ऑन रायटिंग' या पुस्तकात सांगितलंय की, ते मोठ्या आवाजात हार्ड रॉक लावून लिहितात. एसी/डीसी, गन्स एन रोझेस, मेटॅलिका हे त्यांचे आवडते बँड. गाणी लावणं म्हणजे त्यांच्यासाठी खोलीचं दार लावून घेण्यासारखंच. बाहेरचं जग बाहेर राहतं.

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी लेखक होण्याआधीपासून तोक्योत 'पीटर कॅट' नावाचा जॅझ बार चालवायचे. लिखाणातली लय आपण संगीताकडूनच शिकलो, असं ते सांगतात.

मेंदूत काय होतं?

वाक्य कागदावर उतरण्याआधी आपण ते मनातल्या मनात बोलतो. त्याच वेळी कानावर गाण्याचे शब्द पडले, तर दोन्हींची गर्दी होते.

पिएर सालामे आणि ॲलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात याचे प्रयोग केले. स्क्रीनवर दिसणारे आकडे क्रमाने लक्षात ठेवायचे होते. मागे गायलेलं गाणं सुरू असताना लोक जास्त चुकले, नुसत्या वाद्यसंगीताचा त्रास त्यामानाने कमी झाला. आपण लक्ष दिलं नाही, तरी शब्द आत शिरतातच.

लिखाणावर थेट प्रयोग झालाय का?

हो. २००१ मध्ये अमेरिकेत सारा रॅन्सडेल आणि ली गिलरॉय यांनी कॉलेजच्या ४५ विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर निबंध लिहायला लावले. मागे संगीत असताना त्यांचा लिहिण्याचा वेग कमी झाला.

२०१९ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या संशोधकांनी सर्जनशीलता तपासली. तीन शब्द द्यायचे आणि तिन्हींना जोडता येईल असा चौथा शब्द शोधायचा. मराठीत सांगायचं तर दीप, पुष्प आणि वर या तिन्हींना जोडणारा शब्द 'माला'. परक्या भाषेतलं गाणं, शब्दांशिवायचं संगीत आणि ओळखीचं गाणं, तिन्ही प्रकारांत लोकांची कामगिरी घसरली. एरवी गाणी लावून अभ्यास करणारेही याला अपवाद नव्हते. लायब्ररीतल्या हलक्या आवाजांचा मात्र फरक पडला नाही.

मग 'मोझार्ट इफेक्ट'चं काय?

१९९३ च्या त्या गाजलेल्या प्रयोगात ३६ विद्यार्थी होते. त्यांनी संगीत कामाच्या आधी ऐकलं होतं. फायदा दिसला तो आकृत्यांच्या कोड्यांमध्ये आणि तोही साधारण १० ते १५ मिनिटंच टिकला. लिखाणाशी त्याचा संबंध नव्हता.

तरी किंग यांना कसं जमतं?

प्रयोगात माणूस थोडाच वेळ बसतो, लेखकाला रोज तासन्‌तास बसायचं असतं. शेजारचा टीव्ही, किचनमधला मिक्सर, घरातल्या गप्पा यांपेक्षा आपण निवडलेला आवाज परवडतो. शिवाय रोज तेच संगीत लावलं की 'आता लिहायचंय' अशी सवय लागते. म्हणजे संगीत खुर्चीत बसवतं, टिकवतं. वाक्य सुचवण्याचं काम ते करत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- मूड बनवायला आवडती गाणी लिहिण्याआधी ऐका.
- नवीन मजकूर लिहिताना शक्यतो शांतता ठेवा. आसपास गोंगाट असेल तर शब्द नसलेलं संगीत हळू आवाजात लावा. पंख्याचा एकसुरी आवाजही चालतो.
- मराठीत लिहिताना मराठी गाणी टाळून बघा.
- फॉरमॅटिंगसारख्या कामांना हवं ते ऐका.
- शेवटचं वाचन करताना हेडफोन काढा. वाक्य अडखळतंय का, ते मोठ्याने वाचल्यावर कळतं.

खात्री करायची असेल तर २० मिनिटं गाण्यांसोबत आणि २० मिनिटं गाण्यांशिवाय लिहा. शब्द मोजा आणि दोन्ही मजकूर दुसऱ्या दिवशी वाचा. तुमच्या प्लेलिस्टचा निकाल तिथेच लागेल.