मदत कोणाला? मोजाल तसे!

आपण एक उदाहरण घेऊ. एक आजी चालतात, हाताने जेवतात. पण घराबाहेर पडल्या की परतीची वाट विसरतात. त्यांना सार्वजनिक निधीतून मदत मिळावी का?

जर्मनीत १९९५ साली सक्तीचा शुश्रूषा विमा सुरू झाला. तेव्हा अंघोळ, जेवण, हालचाल, घरकाम यांसाठी रोज किती मिनिटे मदत लागते, ते मोजत. किमान ९० मिनिटांची अट होती. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण त्यात मागे पडत. २०१७ पासून मिनिटांऐवजी परावलंबन मोजतात. आकलन, वर्तन यांचेही गुण धरतात. १०० पैकी १२.५ गुण झाले की हक्क मिळतो.

आजी त्याच, गरजही तीच. बदलली ती मोजपट्टी. म्हणून कोणतेही मोजमाप पाहताना आपण विचारू या : यातून काय निसटले?