दीडशे गाड्यांची पत

दसरा तोंडावर आला होता. ऑक्टोबर २०१०. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका दमात दीडशे मर्सिडीज-बेंझ गाड्या आल्या. कुणाची तीस लाखांची, कुणाची सत्तर लाखांच्या घरातली. सगळा मिळून सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. घेणारे उद्योजक, बिल्डर, डॉक्टर, वकील, व्यापारी. त्या अख्ख्या वर्षात मर्सिडीजच्या देशभर सहा हजारांच्या आतच गाड्या विकल्या गेल्या होत्या, आणि त्यातल्या दीडशे एकट्या या शहराने एकाच फटक्यात उचलल्या. एरवी वेरूळ-अजिंठा, दुष्काळ किंवा दंगल यांसाठीच ज्या शहराचं नाव दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांत यायचं, ते पहिल्या पानावर आलं.

बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चिन्हातल्या ताऱ्याला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. नवी गाडी घरी आणायची आपली रीत दुचाकीला आणि मर्सिडीजला सारखीच असते. खंडेनवमीला शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये लेथची पूजा होते, तीच हळद, तेच कुंकू. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या खरेदीकडे ‘पैशाचा माज’ म्हणून पाहणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तसं वाटत नाही. त्या गाड्यांमागे लेथ होती. आणि सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी आपल्या भाषेतला एक दोन अक्षरी शब्द होता: पत. मराठीत बँकेतली पत आणि समाजातली पत या दोन्हींना एकच शब्द आहे, हे किती बरं आहे! शहराला दुसरी पत हवी होती, म्हणून त्याने पहिली वापरली.

गंमत अशी की मर्सिडीज हे नावच मुळात एका घाऊक खरेदीतून आलेलं आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. दोन वर्षांनी त्यांची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, नवऱ्याला न सांगता. साधारण १०६ किलोमीटर, म्हणजे संभाजीनगरहून अहिल्यानगरला जावं तसं. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. मोटारीवर लोकांचा विश्वास बसायला ही बाई कारण झाली. पण बेंझची कंपनी वेगळी आणि गॉटलीब डाइमलर यांची वेगळी. डाइमलर कंपनीचा एक धडाकेबाज गिऱ्हाईक होता एमिल येलिनेक, फ्रान्सच्या नीसमध्ये राहणारा व्यापारी. १९०० साली त्याने एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर दिली, साडेपाच लाख गोल्डमार्कांची. अट दोन गोष्टींची: गाडी वेगवान आणि बुटकी हवी, आणि तिला आपल्या मुलीचं नाव हवं. मुलगी दहा वर्षांची. नाव मर्सिडीज. विल्हेल्म मायबाख यांनी ती गाडी घडवली, १९०१ च्या नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकलं, आणि पुढे १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या कंपन्या एकत्र झाल्या तेव्हा मुलीचं नाव आणि बेर्थाचं आडनाव शेजारी शेजारी आलं.

मोठी ऑर्डर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचं कंपनीला ऐकावं लागतं, हे १९०० मध्ये नीसमध्ये दिसलं, २०१० मध्ये औरंगाबादेत.

मराठवाड्यात भारी मोटार त्याआधी आलीच नव्हती असं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. त्या घराण्याची १९१२ ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट प्रसिद्ध आहे: पिवळी, आणि मागे सिंहासनासारखी उंच केलेली बैठक. ती गाडी राजाची होती, तिच्याकडे रस्त्याच्या कडेने बघायचं एवढाच रयतेचा संबंध.

मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा मात्र गावोगावी पोहोचला तो ट्रकवरून. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून ‘टाटा मर्सिडीज बेंझ’ ट्रक बाहेर पडू लागले. पंधरा वर्षं, १९६९ पर्यंत, ऊस, कापूस, ज्वारीची पोती वाहणाऱ्या त्या ट्रकच्या जाळीवर तारा चमकत असे. म्हणजे आपल्याकडे मर्सिडीज आधी आडतीवर आली, मग पोर्चमध्ये. ज्यांच्या वडिलांनी त्या ताऱ्याखाली हमाली केली किंवा स्टिअरिंग धरलं, अशांची मुलं पुढे तारा असलेली गाडी घेऊ शकली, ही गोष्ट मला निजामाच्या रोल्स-रॉइसपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

मोटारगाडी म्हणून मर्सिडीज महाराष्ट्रात बनू लागली १९९५ मध्ये, पिंपरीला टेल्कोच्या आवारात. पहिलं मॉडेल डब्ल्यू १२४ ई-क्लास. जर्मनीत त्याच वर्षी त्याचा वारसदार बाजारात आला होता, आपल्याला जाणारं मॉडेल मिळालं. सुरुवातीचा खप बेताचाच. पुढे २००९ मध्ये चाकणचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. पण त्या डब्ल्यू १२४ च्या दाराचा आवाज ज्याने ऐकला, तो विसरला नाही. ‘धाड्’ नाही, ‘खट्’ नाही. जड लाकडी कपाट हलक्या हाताने लावल्यासारखा दबका ‘धप्’.

या आवाजाचं वेड वाळूजच्या माणसाला का लागावं, ते वाळूज पाहिल्याशिवाय कळणार नाही.

१९८५ मध्ये बजाज ऑटोने वाळूजला कारखाना सुरू केला. शहराचं नशीब त्या वर्षी फिरलं. दुचाकीला शेकडो सुटे भाग लागतात आणि ते सगळे बजाज स्वतः करत नाही. आजूबाजूला पुरवठादार उभे राहिले. अनुरंग जैन यांनी त्याच वर्षी दोन डाय-कास्टिंग मशिनांवर काम सुरू केलं, त्याची पुढे एंड्युरन्स झाली. तरंग जैन यांची व्हॅरॉकही इथलीच. या दोन मोठ्या नावांच्या खाली शेकडो लहान वर्कशॉप. बँकेचं कर्ज काढून एक लेथ, मग दुसरी, मग सीएनसी. इथल्या माणसाच्या बोलण्यात शेड्यूल, रिजेक्शन, टॉलरन्स हे शब्द असे येतात जसे शेतकऱ्याच्या बोलण्यात वापसा आणि पेर. चार मायक्रॉनने भोक मोठं झालं तर अख्खी लॉट परत येते, आणि त्या रात्री घरात कुणी जेवत नाही.

वाळूजला मशीन शॉप चालवणारे माझे एक स्नेही आहेत. कुणाची नवी गाडी पाहायला गेले की ते आधी दार उघडून बिजागरी बघतात. मग दोन पत्र्यांच्या मधल्या फटीवरून अंगठा फिरवतात, वरपासून खालपर्यंत. फट सगळीकडे सारखी लागली की मान हलवतात. सीटवर बसतात ते नंतर. मर्सिडीजची मोहिनी त्यांच्या अंगठ्याला कळते. तसं पाहिलं तर या कंपनीची थोरवी चामडी सीटमध्ये नाहीच. बेला बारेन्यी नावाच्या तिच्या अभियंत्याने १९५१ मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला: गाडीचं नाक आणि शेपूट मुद्दाम चेपणारं ठेवायचं आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा कणखर करायचा, म्हणजे धडकेचा जोर पत्रा खातो, माणूस वाचतो. १९५९ पासून अशा गाड्या रस्त्यावर आल्या. १९७८ मध्ये बॉशच्या जोडीने कंपनीने एस-क्लासमध्ये एबीएस दिलं, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम न होता गाडी वळवता येते. आज दुचाकीलाही एबीएस मिळतं. श्रीमंताच्या गाडीतली सुरक्षितता पन्नास वर्षांत सामान्याच्या गाडीत उतरते, हे महागड्या गाडीचं मला पटणारं एकमेव समर्थन आहे, आणि ते भक्कम आहे.

२०१० पर्यंत याच शहरात महागड्या गाड्या बनतही होत्या, हे फार जणांना ठाऊक नसतं. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून २००१ मध्ये ऑक्टाव्हिया बाहेर पडली आणि २००७ पासून तिथेच ऑडीची ए-सिक्स जुळू लागली. खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडून, तपासून गाडी उभी करायची. चिकलठाण्याच्या, करमाडच्या पोरांच्या हातून ऑडी तयार होत होती. शहराचा विमानतळ ते शेंद्रा हा जालना रोडचा पट्टा जर्मन पाहुण्यांच्या ओळखीचा झाला होता. तरी मोठ्या कंपन्यांच्या नकाशावर शहर ‘लहान गाव’ म्हणूनच होतं. इथे एवढ्या किमतीच्या गाड्यांना गिऱ्हाईक असेल, हे कुणाच्या गावी नव्हतं.

म्हणून काही तरुण उद्योजकांनी गट केला. एकेकट्याने शोरूमला गेलो तर कोण विचारतो. दीडशे जण मिळून गेलो तर कंपनी आपल्याकडे येईल, किमतीत सूट देईल, बँक व्याज कमी करेल. आपल्या भिशीचा आणि सहकाराचा हा जुना हिशोब, फक्त आकडा मोठा. तसंच झालं. भारतीय स्टेट बँकेने चाळीस कोटींच्या वर कर्ज दिलं, सात टक्के व्याजाने. बातमी देशभर गाजली. पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या शंभरावर गाड्यांच्या अशाच खरेदीची चर्चा झाली, आणि लहान शहरांत पैसा आहे हे मोटार कंपन्यांना कायमचं कळून चुकलं.

आता दुसरी बाजू. ती लिहिल्याशिवाय हा मागोवा खोटा ठरेल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लेख लिहून विचारलं, की मर्सिडीजला सात टक्के आणि याच जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरला बारा टक्के, कुठे त्याहूनही जास्त, हा कुठला न्याय? ट्रॅक्टरच्या हप्त्यात बुडालेली कन्नड तालुक्यातली माणसं त्यांनी वाचकांपुढे उभी केली. लेख वाचून शहरातले काही जण रागावले होते. मी रागावलो नाही, आजही साईनाथांचं बरोबर होतं असंच म्हणतो. गाडी घेणाऱ्यांनी काही चूक केली नाही. त्यांनी एकजूट दाखवून दर पाडून घेतला. पण तीच बँक, तोच जिल्हा, आणि उत्पन्न देणाऱ्या यंत्राला व्याज जास्त, हे कुठल्याही हिशोबात बसत नाही. दीडशे ट्रॅक्टरवाले एकत्र गेले असते तर त्यांना सात टक्के मिळाले असते का? नसते मिळाले. त्यांच्याकडे पहिली पतही नव्हती आणि दुसरीही. दोन वर्षांत, २०१२-१३ ला, मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. जायकवाडीचा तळ दिसला, जनावरं छावण्यांत गेली. ज्यांनी मर्सिडीज घेतली त्यांच्याही बंगल्यांपुढे टँकर उभे राहिले.

नंतरची वर्षं झपाट्याने सांगता येतील. त्या दीडशेतल्या बऱ्याच गाड्या केव्हाच हस्ते-परहस्ते गेल्या असतील. ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीतल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन २०१९ मध्ये झालं. २०२१-२२ च्या सुमारास शहरातल्या उद्योजकांनी पुन्हा गट बांधला, यावेळी विजेवर चालणाऱ्या गाड्या एकत्र घेण्यासाठी; दीडशे मर्सिडीजच्या बातमीपेक्षा हिची चर्चा कमी झाली, पण मला ही जास्त शहाणपणाची वाटते. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग शहराला लागून धावतो, तिथे या गाड्यांना खरा रस्ता मिळाला. त्या रस्त्यावरचे अपघात वाचले की बारेन्यीची आठवण येते. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करने शहराजवळच्या बिडकीनमधल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे २० हजार कोटींचा. म्हणजे गाडी विकत घेऊन जे शहराने सांगायचा प्रयत्न केला, ते आता गाडी बनवून सांगायची संधी दाराशी आहे. सांगण्यातला हा फरक मोठा आहे. विकत घेतलेली पत दहा वर्षांत जुनी होते. वाळूजच्या अंगठ्याने तपासलेली फट टिकते.

स्टुटगार्टला मर्सिडीजचं मोठं संग्रहालय आहे, २००६ साली नव्या इमारतीत आलेलं. येलिनेकच्या ३६ गाड्यांची गोष्ट सव्वाशे वर्षांनीही तारीख-आकड्यांसह सांगता येते, कारण तिकडे कागद जपला जातो. आपल्या दीडशे गाड्यांची गोष्ट मात्र अजून वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आणि लोकांच्या तोंडी आहे, आणि दर सांगणाऱ्यागणिक आकडा थोडा वाढतो. तेव्हा एक विनंती. त्या दसऱ्याचे फोटो, गटाच्या बैठकींच्या वह्या, बुकिंगच्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. शहरातल्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला प्रती द्याव्यात. आणि कन्नड, वैजापूर, पैठण, सिल्लोडकडच्या ज्या घरांत २०१० च्या ट्रॅक्टर-कर्जाचं पासबुक अजून ट्रंकेत असेल, त्यांनी तेही द्यावं. दोन्ही कागद एकाच फाइलला लागले पाहिजेत.