पहाटेची धार आणि बोटांचं घड्याळ

फलटण तालुक्यातल्या गोठ्यांत पहाटेच दिवे लागतात. गायींच्या कासा भरलेल्या, डेअरीची वेळ ठरलेली. आणि आमवात झालेल्या बाईची मूठ नेमकी तेव्हाच वळत नाही! दहा-अकराला त्याच हातात खुरपं नीट बसतं. घरच्यांना संशय येतो, ‘मघाशी तर होत नव्हतं!’

पण ती खरंच सांगत असते. दाह भडकवणारं इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन रात्री रक्तात वाढू लागतं आणि पहाटे शिगेला पोचतं. त्याला आवर घालणारं कॉर्टिसॉल शरीर स्वतःच बनवतं, पण या आजारात ते पुरं पडत नाही. त्यात रात्रभर हात निपचित. उठल्यावर सांधे सैलावायला तास-तास जातो.

आता या आजाराची निवड बघा. बोटाच्या शेंड्याजवळचा सांधा तो बहुधा सोडून देतो. झिजेच्या संधिवातात मात्र तोच सापडतो. आमवात धरतो मधले सांधे, मुठीचे आणि मनगट, तेही बहुतेकदा दोन्ही हातांचे. आणि धार काढायला काय लागतं? आचळ मुठीत धरून वरून खाली एकेक बोट आवळायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं. म्हणजे हेच सांधे!

भिगवण इथून फार लांब नाही. तिथे 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर फिरून 4,000 हून अधिक प्रौढांची पाहणी केली. साधारण 200 माणसांत एकाला आमवात निघाला. एरवीही तो बायकांतच जास्त.

नोकरदाराची रजा मोजता येते, गोठ्यात रजा कुठली? धार सुनेकडे जाते, नाहीतर शाळेआधी मुलीकडे. विचारलं तर उत्तर येतं, ‘काम चालूच आहे की!’ मिल्किंग मशीन असेल तर हात थोडे सुटतात.

आमवातावरचं मेथोट्रेक्सेट वेळेत सुरू झालं तर सांधे वाचू शकतात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं; चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2008 साली छापून आलेली चाचणी. दाह कमी करणाऱ्या प्रेडनिसोनची गोळी रात्री दहाच्या सुमारास घ्यायची, पण ती पोटात चारेक तास गप्प बसते आणि दोनच्या सुमारास औषध सोडते, दाह चढायच्या आधी. डोस तोच ठेवून फक्त वेळ बदलली, तर सकाळी गोळी घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचे सांधे लवकर सुटले.